रद्द बिलाचा नंबर, गेटचं टोकन, ग्राहकाचा मोबाइल: यातला कोणता क्रमांक परत वापरता येतो?

सळई_काटा (प्रश्न)

जालन्यातल्या एका घाऊक सळई व्यापाऱ्यासाठी बिलिंग आणि गेटचं सॉफ्टवेअर लिहितोय. यार्ड दोन आहेत, एक जालन्यात आणि एक छत्रपती संभाजीनगरला, पण जीएसटी नोंदणी एकच. दोन्ही ठिकाणी पोस्टग्रेस १६ (डेटाबेस) वेगवेगळं चालतं, कारण दुसऱ्या यार्डात नेट दिवसातून अनेकदा जातं. रात्री दोन्हीकडचा डेटा एकत्र करतो. चार ठिकाणी अडलोय.

एक, सगळ्या टेबलांची की (प्रत्येक ओळीची ओळख) ‘सीरियल’, म्हणजे आपोआप वाढणारा आकडा, आहे. दोन्हीकडे १, २, ३ असेच आकडे पडतात आणि सिंक करताना एकमेकांवर आदळतात.

दोन, बिलाचा क्रमांक पोस्टग्रेसच्या सीक्वेन्समधून (पुढचा आकडा देणाऱ्या मोजणीतून) घेतो. मध्येच नंबर गळतात: ४११ नंतर थेट ४१४. सीए विचारतात, ४१२ आणि ४१३ कुठे गेले? मालकांचं म्हणणं, रद्द झालेल्या बिलांचे नंबर पुढच्या बिलांना देऊन टाका, म्हणजे यादी सलग दिसेल.

तीन, गेटवर ट्रकला प्लास्टिकचं टोकन देतात, १ ते १५०. ट्रक बाहेर पडला की टोकन परत येतं आणि दुसऱ्याला जातं. दिवसाला साधारण ९० ट्रक, एक ट्रक सरासरी तीन तास आत. काट्यावरचा संगणक कधी कधी वजन उशिरा पाठवतो आणि ते वजन त्याच टोकनावर नंतर आलेल्या ट्रकच्या नावावर चढतं.

चार, ग्राहकाची ओळख म्हणून मोबाइल नंबर धरलाय. एका ग्राहकाचा जुना नंबर आता भलत्याच माणसाकडे आहे आणि बिलाचा संदेश त्याला जातो.

क्रमांक परत वापरायचे की नाहीत, याला काही एकच नियम आहे का?

लॉगवाचक

नियम एकच आहे, पण तो क्रमांकाला विचारायचा नसतो. क्रमांक तुमच्या हातून निघाल्यावर त्याची आठवण कुठे कुठे उरते, ते बघायचं. टोकनाची आठवण काट्याच्या संगणकात, ड्रायव्हरच्या खिशातल्या चिठ्ठीत आणि वॉचमनच्या वहीत उरते, तीही काही तासच. ते तास गेले की टोकन बिनधास्त दुसऱ्याला द्या. बिलाच्या नंबराची आठवण ग्राहकाच्या कपाटात, त्याच्या सीएकडे आणि सरकारी पोर्टलवर राहते, तिथून ती पुसणं तुमच्या हातात नाही. म्हणून तो परत वापरायचा नाही. मोबाइल नंबर तर तुम्ही दिलेलाच नाही, दुसरंच कोणी तो परत वापरतं आणि तुम्हाला कळवत नाही.

आता पहिला मुद्दा. टेबलाच्या कीमध्ये फटी पडल्या तर पडू द्या. ती माणसाने वाचायची गोष्टच नाही. फटी का पडतात हे मात्र समजून घ्या, म्हणजे दुसऱ्या मुद्द्याचाही उलगडा होईल. सीक्वेन्समधून घेतलेला आकडा ट्रान्झॅक्शन (एकत्रच पुरं होणारं काम) रोलबॅक झालं, म्हणजे मागे घेतलं गेलं, तरी परत जात नाही. तसं मुद्दाम ठेवलंय, नाहीतर प्रत्येकाला आपल्या पुढच्याचं काम पुरं होईपर्यंत ताटकळावं लागलं असतं. शिवाय पोस्टग्रेस सीक्वेन्सचे ३२ आकडे पुढचे धरून लॉगमध्ये नोंदवतं, त्यामुळे सर्व्हर अचानक बंद पडला तर एका झटक्यात ३२ पर्यंत आकडे गळू शकतात. तुमचे ४१२ आणि ४१३ बहुधा रोलबॅकमध्ये गेले असतील.

दोन यार्डांच्या टक्करीवर दोन उपाय आहेत. साधा उपाय असा: जालन्याचा सीक्वेन्स १ पासून, संभाजीनगरचा २ पासून, आणि दोन्हींची पायरी १०. मग एकीकडे १, ११, २१ आणि दुसरीकडे २, १२, २२ असे आकडे पडतील. शेवटच्या अंकावरून यार्ड ओळखू येतं आणि पुढे आणखी यार्ड निघाली तरी जागा आहे. पण त्याआधी ‘सीरियल’चं ‘बिगसीरियल’ करा. साध्या सीरियलची हद्द २,१४,७४,८३,६४७ आहे. पायरी १० केली की एका यार्डाला त्यातले जेमतेम साडेएकवीस कोटीच मिळतात. बिगसीरियलच्या आकड्याला (बिगइंट) ही काळजी नाही. आधी पडलेले आकडे मात्र एकमेकांवर आदळलेलेच आहेत. एका यार्डाच्या जुन्या सगळ्या कीमध्ये एकदाच १ कोटी मिळवा, फॉरेन कीवर (दुसऱ्या टेबलातल्या कीकडे बोट दाखवणाऱ्या रकान्यावर) ‘ऑन अपडेट कॅस्केड’ लावून, आणि हे सिंक बंद ठेवून करा. जुने आकडे कोणत्याही अंकावर संपतात, म्हणून दोन्ही नवे सीक्वेन्स या सगळ्यांच्या पुढून, समजा २ कोटींच्या वरून, सुरू करा.

दुसरा उपाय यूयूआयडी, म्हणजे कुठेही स्वतंत्रपणे तयार करता येणारा लांबलचक क्रमांक. घ्यायचाच तर सातव्या आवृत्तीचा घ्या. ती मे २०२४ च्या आरएफसी ९५६२ (इंटरनेटच्या मानकांचा दस्तऐवज) मध्ये आली. तिचे पहिले ४८ बिट मिलिसेकंदातली वेळ असतात आणि ७४ बिट यादृच्छिक, म्हणून नव्या नोंदी इंडेक्सच्या शेवटाला शेजारी शेजारी बसतात. चौथ्या आवृत्तीत १२२ बिट यादृच्छिक असतात. टक्कर तिथेही होणार नाही, पण प्रत्येक नोंद इंडेक्सच्या वेगळ्याच पानात घुसते. टेबल रॅमपेक्षा मोठं झालं की डिस्क कुरकुरायला लागते. पोस्टग्रेस १६ मध्ये चौथी आवृत्ती तयार मिळते. सातवी डेटाबेसमध्येच हवी तर १८ वर जावं लागेल, तोपर्यंत ॲपमधून तयार करून पाठवा. तुमच्या कामाला मी पायरीचा उपाय घेईन. ८ बाइटांत भागतं आणि फोनवर कोणी ‘नोंद क्रमांक सांगा’ म्हटलं तर सांगता येतं.

पेनड्राइव्ह

एवढं कशाला? बिलाच्या टेबलातला सर्वांत मोठा क्रमांक काढायचा, त्यात १ मिळवायचा, झालं. फटीही पडत नाहीत.

लॉगवाचक

एकच संगणक, एकच खिडकी असेल तरच ते चालतं. दोन काउंटरांनी एकाच क्षणी ‘मोठ्यात मोठा’ विचारला तर दोघांना ४१४ मिळतो, कारण एकाची न संपलेली नोंद दुसऱ्याला दिसत नाही. क्रमांकावर युनिक इंडेक्स (तोच आकडा दोनदा येऊ न देणारा) असेल तर एकाला एरर येईल, नसेल तर एकाच नंबराची दोन बिलं छापली जातील.

दुसरी खोट त्याहून वाईट. शेवटची ओळ डिलीट झाली की तोच क्रमांक गुपचूप पुढच्याला मिळतो. एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये ‘ऑटोइन्क्रिमेंट’ हा शब्द न लिहिता पूर्णांक की ठेवली तर नेमकं हेच घडतं. तो शब्द लिहिला की एसक्यूलाइट एका वेगळ्या टेबलात आजवरचा सर्वांत मोठा आकडा जपून ठेवतं. मायएसक्यूएल डेटाबेसच्या इनोडीबी या साठवण-इंजिनात ८.० च्या आधी मोजणी फक्त मेमरीत असायची. सर्व्हर बंद करून सुरू केला की ती टेबलातल्या मोठ्यात मोठ्या आकड्यावरून पुन्हा मांडली जायची, म्हणजे शेवटच्या डिलीट झालेल्या ओळींचे आकडे दुसऱ्यांदा वाटले जायचे. हा बग २००३ मध्ये नोंदला गेला होता आणि २०१८ मधल्या ८.० मध्ये सुटला. कुठे जुनं ५.७ चालू असेल तर आजही तेच होईल.

मालिका_१६

बिलाच्या नंबराचं सांगतो. इथे तांत्रिक सोय आणि कायदा एकाच दिशेला आहेत, त्यामुळे मालकांना समजावणं सोपं जाईल.

केंद्रीय जीएसटी नियमावली २०१७ मधला नियम ४६ सांगतो की बिलाचा क्रमांक सलग हवा, १६ अक्षरांपेक्षा मोठा नको, त्यात अक्षरं, अंक, आडवी रेघ आणि तिरकी रेघ एवढंच चालतं, आणि एका आर्थिक वर्षात तो दुसऱ्यांदा येता कामा नये. एकापेक्षा जास्त मालिका चालतात. तुमची गाठ इथेच सुटते. यार्डागणिक वेगळी मालिका ठेवा: जेएल/२५२६/०००१२३ आणि एसजी/२५२६/०००१२३. २५२६ म्हणजे आर्थिक वर्ष २०२५-२६. रोमन अक्षरांत मोजलं तर प्रत्येकी १४ होतात. नेट नसतानाही दोन्ही यार्ड आपापला क्रमांक देऊ शकतात आणि टक्कर होत नाही. दोन सावधगिऱ्या: ई-इन्व्हॉइस पोर्टलला (बिल सरकारकडे नोंदवायची जागा) शून्य, तिरकी रेघ किंवा आडवी रेघ यांनी सुरू होणारा क्रमांक चालत नाही. आणि १ जून २०२५ पासून पोर्टल लहान-मोठ्या लिपीत फरक करत नाही, सगळं मोठ्या लिपीत वळवून घेतं. तुमच्या युनिक इंडेक्सनेही तसंच केलं पाहिजे.

सलग क्रमांक हवा असेल तर सीक्वेन्स सोडा. ‘मालिका’ नावाचं छोटं टेबल करा. एका ओळीत यार्ड, दस्तऐवजाचा प्रकार, आर्थिक वर्ष आणि शेवटचा क्रमांक. बिल पक्कं करताना ज्या ट्रान्झॅक्शनमध्ये बिलाची ओळ जाते, त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये ‘अपडेट मालिका सेट शेवटचा = शेवटचा + १’ चालवा आणि ‘रिटर्निंग’ने नवा आकडा घ्या. त्या ओळीवरचं लॉक कमिट होईपर्यंत (काम पक्कं होईपर्यंत) सुटत नाही, दुसरा काउंटर तेवढा वेळ थांबतो. रोलबॅक झालं तर आकडाही मागे जातो आणि थांबलेल्याला तोच मिळतो. बिलाच्या बाबतीत क्रमांकाचा पुनर्वापर एवढाच मान्य आहे: जो ट्रान्झॅक्शनच्या बाहेर कधी पडलाच नाही, तो.

मसुद्याला क्रमांक द्यायचाच नाही. ट्रक भरतोय, वजन बाकी आहे, दर ठरतोय, तोवर ते बिल फक्त अंतर्गत कीवर राहू दे. तुमच्याकडची निम्मी रद्द बिलं मुळात मसुदे असतील, असा माझा अंदाज आहे.

ज्यांची उलाढाल ५ कोटींच्या वर आहे त्यांना व्यापारी-ते-व्यापारी बिलावर आयआरएन (पोर्टलवरचा बिल-नोंदणी क्रमांक) घ्यावा लागतो. सळईच्या घाऊक धंद्यात तुम्ही त्यात येणारच. आयआरएन म्हणजे पुरवठादाराचा जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणी क्रमांक), आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि क्रमांक या चारांवरून काढलेला ६४ अक्षरी हॅश (ठरलेल्या गणिताने निघणारा ठसा). रक्कम त्यात नाही, ग्राहक नाही, तारीखही नाही. म्हणजे समजा ४१२ चं बिल खरंच निघून रद्द झालं, तर त्याला नवा ग्राहक आणि नवी रक्कम दिली तरी हॅश अक्षरशः तोच निघतो आणि पोर्टल तो दुसऱ्यांदा नोंदवत नाही. आयआरएन २४ तासांत रद्द करता येतो, पण तो रद्द झाल्यावरही तोच क्रमांक परत घेता येत नाही. त्या बिलावर ई-वे बिल चालू असेल तर आधी ते रद्द करा. २४ तास उलटले की क्रेडिट नोट.

सीएंना सलग यादी हवी असते ती रद्द झालेल्यांसकट. जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरणपत्र) च्या तक्ता १३ मध्ये मालिकेचा पहिला क्रमांक, शेवटचा क्रमांक, एकूण, रद्द आणि निव्वळ असे रकानेच आहेत. अशा रद्द बिलाची ओळ टेबलात ‘रद्द’ म्हणून, कारणासह, ठेवलीत की प्रश्न मिटतो. ओळ डिलीट करण्याचा अधिकार ॲपच्या डेटाबेस-युजरकडून काढूनच घ्या.

सळई_काटा

मालिका टेबल पटलं. दोन शंका. पोर्टलकडून आयआरएन यायला कधी कधी दहा-पंधरा सेकंद लागतात, तेवढा वेळ लॉक धरून ठेवलं तर तीनही काउंटर अडतील ना? आणि किरकोळ ग्राहकाच्या बिलाला आयआरएन नसतो, मग ते रद्द झालं तर त्याचा नंबर तरी परत वापरू का?

मालिका_१६

लॉक धरून पोर्टलशी बोलायचंच नाही. बिलाच्या अवस्था ठेवा: मसुदा, क्रमांक दिला, आयआरएन मिळाला, रद्द. क्रमांक देऊन कमिट करा, काही मिलिसेकंदांचं काम आहे, आणि मग वेगळ्या रांगेतून पोर्टलला पाठवा. उत्तर यायच्या आधी नेट गेलं तर तेच बिल त्याच क्रमांकाने पुन्हा पाठवा. पहिलं तिथे पोचलं असेल तर २१५० हा ‘आयआरएन आधीच आहे’ असा एरर येईल. तो अपयश समजून नवा क्रमांक घेणं ही चूक सर्रास होते. दस्तऐवजाच्या तपशिलावरून आयआरएन परत मागवायची सोय पोर्टलच्या एपीआयमध्ये (सॉफ्टवेअरने बोलायच्या दारात) आहे, ती वापरा आणि आलेला आयआरएन त्याच बिलाला लावा. आयआरएन मिळेपर्यंत छपाईचं बटण बंद ठेवा. ज्यांना ई-इन्व्हॉइस लागू आहे त्यांचं आयआरएनविना काढलेलं बिल नियम ४८(५) प्रमाणे बिलच मानलं जात नाही.

किरकोळ बिलाचं उत्तरही नाहीच. तिथे पोर्टल अडवणार नाही, पण ग्राहकाच्या हातात ४१२ चा कागद आहे. उद्या माल बदलायला तो तोच कागद घेऊन येईल आणि तुमच्या पडद्यावर दुसऱ्याचंच बिल उघडेल.

आर्थिक वर्ष बिलाच्या तारखेवरून काढा, संगणकाच्या घड्याळावरून नको. ३१ मार्चला रात्री पावणेबाराला सुरू केलेलं बिल बारानंतर पक्कं झालं तर तारीख आणि मालिका एकाच वर्षाच्या असल्या पाहिजेत.

फेरा

टोकनांचा प्रश्न मला या सगळ्यांत जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण तिथे पुनर्वापर टाळताच येत नाही. तो नीट करावा लागतो.

तुमची चूक टोकन परत वापरण्यात नाही. टोकनालाच ट्रकची खेप समजलात, गडबड तिथे आहे. खेपेला स्वतःची कायमची की द्या (पायरीवाला बिगइंट). टोकन हा त्या खेपेचा तात्पुरता पत्ता. खेपेच्या टेबलात ‘बाहेर_वेळ’ रिकामी असलेल्या ओळींपुरता यार्ड आणि टोकनावर युनिक इंडेक्स लावा. पोस्टग्रेसमध्ये इंडेक्सला अट जोडता येते, ‘व्हेअर बाहेर_वेळ इज नल’. मग एक टोकन एका वेळी दोन ट्रकांकडे असूच शकत नाही, पण जुन्या खेपांमध्ये तेच टोकन हजार वेळा आलं तरी हरकत नाही.

पण एवढ्याने उशिरा आलेलं वजन अडत नाही. दुपारी १२ ला टोकन ४७ वाला ट्रक गेला, १२:२० ला ४७ दुसऱ्याला दिलं, १२:३० ला काट्याच्या संगणकाने साठवून ठेवलेलं ११:४० चं वजन पाठवलं. त्यावर फक्त ‘४७’ लिहिलंय, तर कोणताही इंडेक्स ते ओळखू शकत नाही. त्यासाठी टोकनाला फेरा जोडा. टोकनांच्या टेबलात ‘फेरा’ रकाना ठेवा आणि टोकन देताना दर वेळी तो १ ने वाढवा. गेटच्या चिठ्ठीवर ४७-३१२ असं छापा, सोबत क्यूआर. काट्यावर चिठ्ठी स्कॅन होते, वजनाबरोबर ४७ आणि ३१२ दोन्ही येतात. सर्व्हरवर चालू फेरा ३१३ असेल तर ते वजन आताच्या ट्रकला लावायचं नाही. फेरा ३१२ ची खेप शोधून तिला लावा, आणि तिचं बिल आधीच झालं असेल तर ‘बेवारस वजनं’ या यादीत टाका, माणूस बघेल. मेमरीतल्या वस्तूंच्या हँडलमध्ये जागेचा क्रमांक आणि पिढी एकत्र भरतात, तीच ही युक्ती आहे.

फेऱ्याला तीन अंक पुरतात. ९० ट्रक आणि १५० टोकनं, म्हणजे एका टोकनाचे दिवसाला सरासरी ०.६ फेरे. १००० फेरे संपायला १,६६० हून जास्त दिवस, साडेचार वर्षं. तेवढी जुनी चिठ्ठी काट्यावर येणार नाही.

आता कोणतं टोकन द्यायचं? ‘सर्वांत लहान सुटं टोकन’ ही पद्धत सोडा. युनिक्समध्ये फाइल डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलींचे क्रमांक) तसेच मिळतात, बंद केलेला आकडा लगेच पुढच्या फाइलला जातो. म्हणूनच प्रोग्रॅमच्या एका थ्रेडने (समांतर चालणाऱ्या धाग्याने) तोच डिस्क्रिप्टर चुकून दोनदा बंद केला की दुसऱ्या थ्रेडची नुकती उघडलेली फाइल बंद होते. लिनक्स प्रोसेसचे (चालू प्रोग्रॅमचे) क्रमांक मात्र गोल फिरवतं. पूर्वापार कमाल ३२,७६८, ६४ बिटवर ४१,९४,३०४ पर्यंत वाढवता येते. शेवटपर्यंत जाऊन मगच मागे वळतं, त्यामुळे नुकता सुटलेला क्रमांक लगेच कोणाला मिळत नाही. तरीही जुन्या क्रमांकाला सिग्नल पाठवून भलतीच प्रोसेस मारली जाण्याचा धोका उरतोच, आणि त्यासाठीच २०१९ मध्ये क्रमांकाऐवजी थेट प्रोसेसला धरून ठेवणारा पीआयडीएफडी आला.

तुमच्या गेटवर हे साधायला कोडपेक्षा खिळे उपयोगी पडतील. टोकनांच्या फळीवर वॉचमनने डावीकडून टोकन उचलायचं आणि परत आलेलं उजव्या टोकाला लावायचं. हिशोब करा: दहा तासांत ९० ट्रक, प्रत्येकी तीन तास, म्हणजे आत सरासरी २७. गर्दीला दुप्पट, ५५ धरू. फळीवर किमान ९५ सुटी टोकनं राहतात आणि तासाला ९ उचलली जातात. परत आलेल्या टोकनाची पाळी कामाचे दहा तास उलटल्यावर येते, जवळजवळ दुसऱ्या दिवशी. काट्याचं उशिरा आलेलं वजन तोवर केव्हाच पोचलेलं असतं. सॉफ्टवेअरने टोकन ठरवून वॉचमनला सांगू नये, त्याने उचललेलं टोकन स्कॅन करावं. नाहीतर पडद्यावर ८२ आणि ड्रायव्हरच्या हातात ८३, हे रोजचं होईल.

हरवलेल्या टोकनाचं दुसरं बनवू नका. ४७ ‘हरवलं’ म्हणून कायमचं बाजूला काढा आणि १५१ नव्याने घ्या. जुनं ४७ एखाद्या ट्रकच्या केबिनमध्ये पडलेलं असतं आणि दोन महिन्यांनी गेटवर येतं. दोन्ही यार्डांच्या टोकनांना वेगळे रंग द्या.

पेनड्राइव्ह

टोकनं छापील न ठेवता सॉफ्टवेअरनेच वाटायची असतील तर? दोन गेट असतील तर दोघांना एकच सुटं टोकन मिळू शकतं.

फेरा

तेव्हा ‘सिलेक्ट’मध्ये स्थिती ‘सुटं’ असलेली ओळ सुटल्याच्या वेळेच्या क्रमाने, मर्यादा १, आणि शेवटी ‘फॉर अपडेट स्किप लॉक्ड’. पहिल्या गेटने धरलेली ओळ दुसऱ्याला दिसतच नाही, त्याला पुढची मिळते, कोणी थांबत नाही. बिलाच्या मालिकेसाठी मात्र हे वापरू नका. तिथे थांबणंच हवं असतं.

पत्ता_बदलला

मोबाइल नंबराबद्दल. भारतात बंद झालेला नंबर ९० दिवस कोणालाही देत नाहीत, त्यानंतर तो नव्या ग्राहकाला जाऊ शकतो. ट्रायने (दूरसंचार नियामकाने) २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही हेच सांगितलं होतं. म्हणजे तीन-चार महिने खरेदीला न आलेल्या ग्राहकाचा नंबर दुसऱ्याच्या हातात असू शकतो, आणि तुमच्या टेबलात काहीच बदललेलं नसतं. बँकांसाठी दूरसंचार खात्याच्या डिजिटल इंटेलिजन्स प्लॅटफॉर्मवर रद्द झालेल्या नंबरांची यादी असते. जानेवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने ती वापरायला सांगितलं.

यात भारताचं काही वेगळं नाही. याहूने २०१३ मध्ये वर्षभर न वापरलेले मेल पत्ते दुसऱ्यांना वाटायला सुरुवात केली, तेव्हा जुन्या मालकाच्या फेसबुक खात्याचा पासवर्ड बदलायची मेल नव्या मालकाला जाईल, ही भीती उभी राहिली. त्यावर उपाय म्हणून मेलच्या हेडरमध्ये एक तारीख घालण्याची रीत ठरली: ‘हा पत्ता या तारखेपासून याच माणसाकडे असेल तरच पोचव.’ २०१४ मधला आरएफसी ७२९३ तो हाच.

तुम्हीही हीच तारीख धरा. ग्राहकाला स्वतःचा कोड द्या, तो कधीच दुसऱ्याला द्यायचा नाही. मोबाइल वेगळ्या टेबलात ठेवा: ग्राहक, नंबर, कधीपासून, कधीपर्यंत, शेवटची खात्री कधी केली. शेवटच्या खात्रीला ९० दिवस होऊन गेले असतील तर बिल पाठवण्याआधी काउंटरवर विचारून घ्या किंवा ओटीपी पाठवा. मोबाइलवर सरसकट युनिक इंडेक्स नको, फक्त ‘कधीपर्यंत’ रिकामं असलेल्या ओळींवर हवा.

कोणी सुचवेल, मग जीएसटीआयएनच की करा. तेही नको. १५ पैकी मधली १० अक्षरं पॅनची असतात. एकट्याच्या मालकीच्या दुकानाची भागीदारी झाली की पॅन बदलतो आणि जीएसटीआयएनही. उधारीचं खातं मात्र मालकांच्या लेखी तेच असतं. ट्रकचा नंबरही दुसऱ्या राज्यात नोंदणी झाली की बदलतो.

ग्राहक कोड हाताने टाइप होणार असेल तर शेवटी एक तपासणी अंक जोडा. व्हेरहोफची पद्धत घ्या, आधारमध्ये तीच आहे. एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटे पडले तर ती हमखास पकडते. लूनची पद्धत सोपी आहे, पण ०९ चं ९० झालेलं तिला कळत नाही.

सळई_काटा

फेरा आणि मालिका टेबल दोन्ही करायला घेतलंय, फळीचे खिळेही बदलतोय. शेवटचा प्रश्न: संभाजीनगरच्या संगणकाचा बॅकअप रात्रीचा असतो. दुपारी डिस्क गेली आणि कालचा बॅकअप लावला, तर मालिकेतला शेवटचा क्रमांकही कालचाच येईल ना?

लॉगवाचक

येईल, आणि सकाळी दिलेले सगळे क्रमांक दुसऱ्यांदा वाटले जातील. बॅकअप लावणं म्हणजे नकळत केलेला पुनर्वापर. काउंटर उघडण्याआधी तीन गोष्टी करा.

बिलाची मालिका बदला. एसजी बंद, एसएच/२५२६/००००१ पासून सुरू. नियम अनेक मालिकांना परवानगी देतो, त्यामुळे सकाळची नेमकी किती बिलं गेली हे शोधत बसायला नको. ती नंतर पोर्टलवरून आणि छापील प्रतींवरून एसजी मालिकेतच भरून घ्या. टोकनांचा फेरा सगळ्या टोकनांसाठी १०० ने पुढे ढकला, म्हणजे सकाळच्या चिठ्ठ्या नव्या फेऱ्याशी जुळणार नाहीत. आणि प्रत्येक सीक्वेन्स ‘सेटव्हॅल’ने १० लाखांनी पुढे न्या. १० लाखांनी शेवटचा अंक बदलत नाही, त्यामुळे यार्डाची ओळख कायम राहते.

सिंकचा कोडही उघडून बघा. त्यात ‘ऑन कॉन्फ्लिक्ट डू अपडेट’ असेल, तर बॅकअपनंतर परत निघालेली की जालन्यातली चांगली ओळ पुसून तिच्या जागी भलतीच ओळ बसवेल आणि एररही येणार नाही. बिलं, खेपा आणि वजनं यांच्यासाठी तिथे ‘डू नथिंग’ ठेवा, आणि की तीच पण मजकूर वेगळा असलेली प्रत्येक ओळ वेगळ्या टेबलात टाकून सिंक तिथेच थांबवा.